सुळ्यामागचा दात

९ जानेवारी

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले, उत्तराला आज बसले. आमच्या कपडेपटात सध्या नाक शिंकरायला फुरसत नाही. नव्या नाटकात सरदार सोळा, आणि सोळांनाही उभी कडक गळपट्टी हवी. दिग्दर्शकांचं म्हणणं, गळपट्टी अशी हवी की माणसाला मान तुकवताच येऊ नये. मी विचारलं, मग हे जेवणार कसे? तर म्हणाले, सरदार रंगमंचावर जेवत नाहीत. या शहाण्याला कोण सांगणार, की ते विंगेत जेवतात आणि डाग मला काढावे लागतात.

तू म्हणतेस फोन का नाही करत. अगं, मशीनच्या घरघरीत बसून बसून माझे कान गेले. आणि फोनवरचं बोलणं म्हणजे कच्चा टाका, ओढला की निघाला. पत्र म्हणजे टीप.

तू बसवून दिलेला दात मजेत आहे. एक मात्र विचारायचं होतं. आमच्या इस्त्रीवालीनेही तसाच स्क्रूवरचा दात बसवून घेतलाय. घासताना तिथल्या हिरडीतून रक्त येतं म्हणते. दुखत मुळीच नाही. मी तिला मीठपाण्याच्या गुळण्या सांगितल्या आहेत. तेवढं पुरे ना?

तुझ्या बापाला म्हणावं, दुकानातली सगळी घड्याळं वेळेवर चालवतोस, बहिणीला पत्र लिहायची वेळ तेवढी कशी चुकते? डॉक्टरीणबाई, पेशंटांच्या तोंडात डोकावताना स्वतःच्या तोंडात दोन घास घालायला विसरू नका. आठवण आहेच, पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
आत्या

---

१६ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सोळा सरदारांची हकीकत दवाखान्यात सगळ्यांना वाचून दाखवली. माझी मदतनीस हसता हसता हातातला ट्रे पाडून बसली.

इस्त्रीवालीला सांग, मीठपाण्यावर भागवू नकोस. तुझ्या भाषेत सांगते. आपल्या खऱ्या दाताला हिरडी शिवलेली असते. बारीक धागे दाताच्या मुळात आडवे रुतलेले असतात, अगदी तुझ्या हातशिलाईसारखे. घाण आत शिरू लागली तर ते काही काळ तरी अडवतात. स्क्रूवरच्या दाताला हिरडी शिवलेली नसते. तुझ्या सरदारांच्या गळपट्टीसारखी ती भोवती नुसती घट्ट बसलेली असते. सूज आली की गळपट्टी सैल होते, आणि मग थेट हाडापर्यंत रस्ता मोकळा. दुखत नाही हीच त्यातली मेख आहे. दुखायला लागतं तोवर खालचं हाड गेलेलं असतं. तिला याच आठवड्यात कुणाला तरी दाखवायला लाव.

आणि तू? दात बसवून दोन वर्षं झाली, एकदाही दाखवायला आली नाहीस. दर वेळी म्हणतेस, हा दौरा संपला की येते. दोरा दाताने तोडत नाहीस ना? ओठांत टाचण्यांची रांग आणि दातात दोरा, अशीच तू मला लहानपणापासून दिसत आली आहेस, म्हणून विचारते.

बाबा बरे आहेत. पत्र लिहितो म्हणाले. म्हणजे लिहिणार नाहीत. माया आहे तशी असू दे.

तुझी,
खारू

---

२ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

हे पत्र तुझ्यापुरतं आहे. वाच आणि खणात टाक.

इस्त्रीवाली म्हणजे मीच. खऱ्या इस्त्रीवालीचे बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत, ती दाताने बाटल्यांची झाकणं उघडते. रक्त मला येतंय, चार महिने झाले. आधी ब्रशला लागायचं, आता सकाळी उशीच्या अभ्र्यावरही डाग असतो. हिरडी बोटाने दाबली की काहीतरी कडवट येतं. डाव्या बाजूने जेवणं सोडलं आहे. परवा एका सरदाराचं माप घेताना तो जरा मागे सरकला. तोंडाला वास येत असणार. त्या दिवसापासून मी मापं घेताना तोंड बंद ठेवते.

खारूने बजावून सांगितलं होतं, दोरा दाताने तोडायचा नाही. मी हो म्हटलं आणि इथे आल्यावर आठ दिवसांत विसरले. चाळीस वर्षांची खोड, कात्री हातात येण्याआधी दात पुढे होतात. माझ्याच कर्माने झालंय हे. तिला कुठल्या तोंडाने सांगू? वहिनी गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. पुढची दहा वर्षं मीच तिला उठता बसता सांगत होते, की शिस्त पाळ, सांगितलेलं ऐक.

तिला कळवू नकोस. तुला माझी शपथ आहे. बहिणीवर जीव आहे ना, मग एवढं पाळ.

तुझी,
अक्का

---

१० फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

बाबांनी शपथ मोडली. त्यांच्यावर रागावू नकोस, कारण रागवायचं काम आज माझ्याकडे आहे.

चार महिने, आत्या! मला इस्त्रीवालीची गोष्ट सांगत होतीस आणि मी वेड्यासारखी तिला औषधपाणी सांगत होते. दोरा तोडू नकोस हे मी तुला एकदा नाही, दहादा सांगितलं होतं. त्या दातावर असा आडवा ताण पडला की काय होतं, तेही सांगितलं होतं. तू शाळेतल्या मुलीसारखं हो हो केलंस. परक्या पेशंटने असं केलं असतं तर मी त्याला दारात उभं केलं नसतं.

सरदारांना म्हणावं, आठ दिवस गळे उघडे ठेवून तालीम करा. पहिल्या गाडीने निघून ये. रागात लिहिलंय, पण माया आहे म्हणूनच राग आहे, हे तुला सांगायला नको.

तुझी,
खारू

---

३ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

आत्याला काल गाडीत बसवून दिलं. दुकानातून तुम्ही तिला भेटायला आलात तेव्हा मी तुमच्या नजरेला नजर दिली नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. समोर बोलायचं धाडस झालं नाही, म्हणून एकाच गावात राहून पत्र लिहिते आहे.

दात वाचला नाही. एक्स-रेतच दिसत होतं, स्क्रूभोवतीचं हाड बशीसारखं खोलगट झालं होतं, अर्ध्याहून जास्त गेलं होतं. तरी हिरडी उघडून साफ करून बघू म्हणून भूल दिली. उघडलं, आणि आत सिमेंट दिसलं. टाचणीच्या डोक्याएवढे तीन कण, हिरडीच्या खाली, स्क्रूला चिकटलेले. त्यांच्याभोवती पू.

ते सिमेंट माझं आहे, बाबा. स्क्रूवर दाताची कॅप चिकटवताना ते कडेने बाहेर येतंच. ते सगळं काढायचं असतं आणि खाली काही राहिलं नाही ना, म्हणून एक्स-रे घ्यायचा असतो. दोन वर्षांपूर्वी त्या दिवशी मी वरवरचं काढलं. एक्स-रे घेतला नाही. आत्याची गाडीची वेळ होत आली होती, ती खुर्चीतून उठू बघत होती, आणि मला वाटलं, घरचंच माणूस आहे, पुढच्या खेपेला बघू. बाहेर बसलेल्या कुणा परक्या बाईसाठी मी तो नक्की घेतला असता. दोन वर्षं तिची हिरडी त्या तीन कणांशी झगडत होती. दोऱ्याचा यात काही संबंध असलाच तर नखाएवढा.

याहून वाईट पुढे आहे. स्क्रू हातानेच फिरवून निघाला. आत्याचं तोंड बधिर होतं, बोलता येत नव्हतं. तिने चिमटीत दोरा धरून दाताने तोडल्याची खूण केली आणि भुवया वर करून माझ्याकडे बघितलं. त्यामुळेच ना, असं विचारत होती.

मी मान हलवली. होय म्हणून.

शेजारच्या सुळ्याच्या बाजूचंही हाड थोडं गेलं आहे. तो दात तिचा स्वतःचा आहे, त्याला हिरडीने अजून धरून ठेवलंय. नीट निगा राखली तर राहील. मी तिला खरं सांगायला हवं. कसं सांगू ते तुम्ही सांगा. आशीर्वाद असू द्या, त्याची आज गरज आहे.

तुमची,
खारू

---

७ मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

मला लिहायची सवय नाही, मोजकं लिहितो.

सांगू नकोस. दात गेला तो गेला, सांगून परत उगवणार नाही. अक्काला स्वतःचं असं काय आहे? लग्नाचं वय आपल्या घरात घालवलं. भाची डॉक्टर झाली, एवढी एकच गोष्ट ती चारचौघांत मान वर करून सांगते. तीही काढून घ्यायची का?

घड्याळ दुरुस्त करून दिलं आणि महिन्यात बंद पडलं, तर गिऱ्हाईक तणतणत येतं. कधी कधी चूक माझीच असते. मी म्हणतो, हातून पडलं असेल कुठे, आठवून बघा. तेही आठवतं आणि म्हणतं, हो, पडलं असेल. दोघंही सुटतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तू लहान आहेस, नाव कमवायचं आहे. मनाला लावून घेऊ नकोस. वेळेवर जेव. बापाचं ऐकण्याइतका लोभ असू दे.

तुझा,
बाबा

---

२० मार्च

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

टाके निघाले तिथली हिरडी भरत आली. नाटक सुरू झालं. सोळा सरदार मान ताठ करून फिरतात, त्यातला एक परवा पायरी न दिसल्याने पडला. दिग्दर्शकांनी आता गळपट्ट्या बोटभर कमी करायला सांगितल्या आहेत. म्हणजे सोळाच्या सोळा उसवा.

मी कात्री दोरीला बांधून गळ्यात अडकवली आहे. पोरी म्हणतात, बाईंच्या गळ्यात घंटा बांधली. म्हणू देत.

तुझ्याकडे होते तेव्हा बोलता आलं नाही म्हणून लिहिते. तू इतक्या हौसेने, स्वतःच्या हाताने दात बसवून दिलास आणि मी एका दळभद्री खोडीपायी घालवला. वर तुझ्याशी खोटं बोलले. तू त्या दिवशी दात काढल्यावर माझ्याकडे पाठ करून तीच ती हत्यारं पुसत राहिलीस. मला सगळं दिसत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ, दोष तरी कुणाला देणार? चुकले गं मी. माफ केलंस असं एका ओळीत तरी लिही, म्हणजे जिवाला स्वस्थता येईल. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
आत्या

---

२८ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कामाच्या गडबडीत आहे, चारच ओळी लिहिते. माफ केलं. जाऊ दे आत्या, होतं असं. आता त्याचा विचार करायचा नाही.

मात्र सुळ्याला जप. रोज मऊ ब्रशने, हिरडीच्या कडेने हळू घासायचं. घाबरून ती जागा सोडून द्यायची नाही. आणि दर महिन्याला तुझ्या गावातल्या डॉक्टरला दाखवून साफ करून घ्यायचं. लोभ आहेच, तो का विचारतेस?

तुझी,
खारू

---

१४ ऑगस्ट

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

अक्काकडे तीन दिवस राहून आज परतीच्या गाडीत आहे. अक्षर हलतंय ते त्यामुळे. घरी पोचेपर्यंत दम धरवेना, स्टेशनवरच पेटीत टाकतो.

ती वाळली आहे. हसताना तोंडावर हात धरते. कपडेपटात गेलो होतो. पूर्वी मापं घेताना एकेकाची अशी फिरकी घ्यायची की नटमंडळी माप द्यायला रांग लावायची. आता मुक्याने फीत फिरवते, आकडे पाटीवर लिहिते. टाचण्या मनगटावरच्या गादीत खोचते. पोरी म्हणाल्या, बाई उन्हाळ्यापासून आमच्याबरोबर डबा खात नाहीत.

जेवताना बघितलं, सुळा हलतो. हिरडी खाली उतरून त्याचं मूळ दिसायला लागलंय. मी विचारलं, महिन्याच्या महिन्याला डॉक्टरकडे जातेस ना? आधी हो म्हणाली. मग म्हणाली, एकदाही गेले नाही. कुठल्या तोंडाने जाऊ, पहिलंच विचारतील की आधीचा दात कशाने गेला, आणि मला सांगावं लागेल की माझ्या हलगर्जीपणाने. घासतही नव्हती तिथे. मी हात लावला की सगळं बिघडतं, असं म्हणाली.

खारू, मी तुला चुकीचं सांगितलं. मूठ आपण झाकली आणि आत बोटं चिरडली ती तिची. घड्याळाला मन नसतं, हे इतक्या वर्षांत मला कळायला हवं होतं.

काय लिहायचं ते तू लिही. माझं नाव घातलंस तरी चालेल.

तुझा,
बाबा

---

१९ ऑगस्ट

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच, आणि एकटी असताना वाच.

तुझा दात दोऱ्याने गेला नाही. तो माझ्यामुळे गेला. कॅप बसवताना वापरलेलं सिमेंट मी पूर्ण काढलं नव्हतं. तीन कण हिरडीखाली राहिले. तपासायला एक एक्स-रे घ्यायचा असतो, तो मी घेतला नाही. तुझी गाडी होती हे खरं, पण दहा मिनिटांचं काम होतं आणि तुला थांब म्हटलं असतं तर तू थांबली असतीस. मार्चमध्ये हिरडी उघडली तेव्हाच ते कण मला दिसले. तू खुणेने विचारलंस, आणि मी होय म्हणून मान हलवली. तुला बोलता येत नव्हतं. मला येत होतं.

नंतर बाबांना लिहिलं. त्यांनी गप्प राहायला सांगितलं. पण त्यांच्यावर ढकलत नाही. मला जे ऐकायचं होतं तेच त्यांनी सांगितलं.

तुझी हिरडी वाईट नाही, तुझे हात वाईट नाहीत, तू बेफिकीर नाहीस. रक्त येतंय हे तू ओळखलंस, ते कुठल्या कारणाने येतंय हे ओळखायचं काम माझं होतं. आणि मी तुला दोष देऊन गप्प बसले नसते तर तू डॉक्टरकडे गेली असतीस आणि सुळा असा हलला नसता. तो तुझा स्वतःचा दात आहे. तोही माझ्याच नावावर लाव.

तुमच्याकडच्या मोठ्या इस्पितळात हिरड्यांचा विभाग आहे, तिथल्या बाई माझ्या शिक्षिका होत्या. पत्ता मागे लिहिला आहे. लगेच जा. मी येऊ का? तू म्हणशील त्या दिवशी येईन. दवाखान्यात सध्या स्क्रूवरचे दात बसवणं मी थांबवलं आहे. हात उचलत नाही.

माफ कर, असं लिहायची मला लाज वाटते. तरी लिहिते.

तुझी,
खारू

---

११ सप्टेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्या दिवशी वाचलं, दुसऱ्या दिवशी वाचलं, मग आठ दिवस हातात घेतलं नाही. पत्राला उत्तर द्यायला इतका उशीर मी कधी केला नव्हता.

सिमेंटचं मला काही वाटत नाही. हात आहे तिथे चूक आहे. आठ वर्षांपूर्वी मी एका नाचणाऱ्या मुलीच्या अंगरख्यात टाचणी विसरले होते. पाठीत रुतलेल्या टाचणीसकट ती बिचारी अख्खा प्रवेश नाचली. पडदा पडल्यावर मी तिच्याकडे गेले आणि टाचणी माझी म्हणून सांगितलं. ती चिडली, रडली, महिनाभर माझ्याशी बोलली नाही. मग बोलली. तेवढंच असतं ते.

पण तुझं मार्चचं पत्र मी मशीनच्या खणात ठेवलं होतं. माफ केलं, जाऊ दे आत्या, होतं असं. पाच महिने वाईट वाटलं की मी ते काढून वाचत होते. पोरीचं मन किती मोठं, असं वाटायचं मला. ज्या माफीवर मी इतके दिवस काढले, ती तू द्यायची नव्हतीस गं, मागायची होतीस. दाताचं म्हणशील तर मी केव्हाच सोडलं. ती चार ओळींची चिठ्ठी मात्र घशाखाली उतरत नाही. ती लिहिताना तुझा हात अडखळला असेल म्हणून अक्षर निरखून बघितलं. नेहमीसारखंच सुरेख होतं.

इतक्यात येऊ नकोस. आलीस की मी तुझ्या खाण्यापिण्याच्या मागे लागेन आणि हे सगळं तसंच राहून जाईल. दात बसवणं मात्र बंद करू नकोस. एक्स-रे घेत जा, सगळ्यांचे, घरच्यांचे आधी. भाऊला मी वेगळं लिहिणार आहे. त्याच्यावरही राग आहे, पण त्याला लहानपणापासून माझ्या रागाची सवय आहे.

तुझ्या शिक्षिकेकडे गेले नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेले. खुर्चीचं रेक्झिन फाटलेलं, मीच म्हटलं शिवून देते. त्यांनी सुळा हलवून बघितला आणि म्हणाले, दोन महिने आधी यायला हवं होतं. मंगळवारी काढला. खरा दात निघताना किती चिवट असतो ते कळलं. हिरडी सुटता सुटत नव्हती. आता त्या बाजूला दोन दातांची मोकळी जागा आहे, जीभ सारखी तिथेच जाते. उरलेल्यांची निगा ते दर महिन्याला राखतील. मी जाणार आहे.

तोंड तपासताना त्यांनी विचारलं, सुळ्यामागे स्क्रूचा दात होता ना, तो कुणी बसवला होता? आजवर कुणी विचारो न विचारो, मी सांगायची, माझ्या भाचीने, डॉक्टर आहे ती. त्या दिवशी मी म्हटलं, आठवत नाही. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

तुझं नाव सांभाळायला तसं म्हटलं की तुझं नाव तोंडावर येईना म्हणून, हे माझं मलाच अजून कळलेलं नाही.

प्रकृतीला जप. पत्र लिहीत जा, मी वाचत जाईन.

आत्या